ग्वाकामोलेत वासाबी चालेल का?

प्रश्न: माझा मुलगा आणि सून योकोहामाला असतात. सून तिथे ग्वाकामोले करते ते सोया सॉस आणि वासाबी घालून. व्हिडिओ कॉलवर बघून मीही इथे करून पाहिलं. टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची असं नेहमीचं सगळं घातलं, वासाबीची पूड लिंबाच्या रसात कालवून मिसळली आणि वरून सोया सॉस. रंग काळपट, चव खारट, आणि वासाबीचा झटका तर लागलाच नाही. असं का झालं? की हे दोन देश एका वाडग्यात नांदतच नाहीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नांदतात, आणि गुण्यागोविंदाने नांदतात. तुमचं बिनसलं ते जिन्नसांच्या गर्दीमुळे आणि घालण्याच्या क्रमामुळे.

जपानी घरात अव्होकाडो आता नवखा नाही. पिकल्या फळाचे काप, त्यावर थोडा सोया सॉस आणि कडेला वासाबी, एवढंच तिथे आवडीने खातात. बाजारातले बरेचसे अव्होकाडो येतात मेक्सिकोहूनच. या जोडीचं मूळ कच्च्या माशात आहे. ट्यूनाच्या पोटाकडचा चरबीदार भाग, ज्याला तिथे तोरो म्हणतात, तो सोया सॉस आणि वासाबीबरोबरच खायचा. लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोतल्या ‘टोकियो काइकान’ या उपाहारगृहात इचिरो माशिता यांनी तोरोऐवजी अव्होकाडो वापरून पाहिला, आणि त्यातून कॅलिफोर्निया रोल निघाला असं सांगतात. (व्हँकुव्हरचे शेफ हिदेकाझु तोजो यांचाही या रोलवर दावा आहे.) श्रेय कुणाचंही असो, फळातला स्निग्धपणा माशाच्या चरबीची जागा घेतो हे खरं. म्हणून तुमच्या सुनेचा हात अगदी बरोबर पडला आहे.

आता मूळ ग्वाकामोले बघू. मेक्सिकोत ते मोलकाहेतेत करतात. मोलकाहेते म्हणजे तीन पायांचा खल, आपल्या पाट्या-वरवंट्यासारखाच काळ्या बसाल्टचा. त्यात कांदा, सेरानो मिरची, कोथिंबीर आणि मीठ आधी वाटतात, मग अव्होकाडो ओबडधोबड कुस्करतात, शेवटी लिंबू आणि हवा तर टोमॅटो. यात प्रत्येक जिन्नस एक काम करतो. मिरची तिखटपणा आणते, लिंबू आंबटपणा, मीठ खारटपणा, कोथिंबीर हिरवा वास. टोमॅटोच्या अंगी आंबटगोडाखेरीज आणखी एक चव असते. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं करून जिला उमामी हे नाव दिलं, तीच ही चव.

जपानी ग्वाकामोले करताना एकेका कामावरचा गडी बदलायचा. सोया सॉस आला की मीठ गेलं. उमामीही तोच आणतो, मग टोमॅटोचं काम उरत नाही. वासाबी आली की मिरचीने बाजूला व्हायचं, कारण मिरचीचा जाळ जिभेवर बसून राहतो आणि वासाबीची नाकातली झिणझिण त्याखाली कळतच नाही. कोथिंबिरीऐवजी तिथे शिसोची पानं चिरून घालतात. आपल्याकडे ती मिळणं कठीण, तेव्हा कांद्याची पात घ्या, छान लागते. तुम्ही जुने गडी ठेवून नवेही कामाला लावलेत, सगळ्या चवी एकमेकींवर चढल्या. खारटपणाचा हिशेबही असाच चुकतो. लहान चमचाभर सोया सॉसमध्ये जवळपास एक ग्रॅम मीठ असतं. आणि रंगासाठी गडद सोया सॉस घेतला असेल तर काळपटपणा ठरलेलाच.

वासाबीचा झटका का गेला, ही यातली सगळ्यात रंगतदार गोष्ट. वासाबीच्या गड्ड्यात तिखटपणा तयार नसतो. ती किसली की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम सिनिग्रिन नावाच्या द्रव्याला भेटतं आणि त्यातून नाकात चढणारा उडनशील पदार्थ तयार होतो. शिझुओकातल्या इझु भागात किंवा नागानोतल्या अझुमिनोत थंड वाहत्या पाण्याच्या वाफ्यांत वाढलेली खरी वासाबी म्हणूनच खायच्या आधी शार्कच्या कातडीच्या किसणीवर किसतात. पंधरा-वीस मिनिटांत तिचा जोर ओसरू लागतो. नळीत किंवा डब्यात मिळते ती बहुधा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असते, पण तिच्याही पोटात रसायन हेच. या एन्झाइमला पाणी लागतं, वेळ लागतो. आंबट त्याला सोसत नाही, उकळतं पाणी तर त्याला मारूनच टाकतं. तुम्ही पूड थेट लिंबाच्या रसात कालवलीत, तिथेच काम थांबलं. जो काही तिखटपणा तयार झाला असेल तो अव्होकाडोच्या तेलात मुरला.

आपल्या आज्या हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने जाणत आल्या आहेत. काकडीच्या कोशिंबिरीला किंवा केळ्याच्या रायत्याला मोहरी फेसून लावतात, ती आधी पाण्यात, नाकाडोळ्यांतून पाणी काढीपर्यंत, दही-लिंबू नंतर. गोव्याच्या आंब्याच्या सासवातली मोहरीही याच घराण्यातली. मोहरीतही सिनिग्रिनच असतं आणि त्यातून तोच झणका बाहेर पडतो. तेव्हा वासाबीची पूड मोहरीसारखीच वागवा: गार पाण्यात घट्ट कालवायची, वाटी उपडी घालून दहा मिनिटं झाकून ठेवायची. घरात वासाबी नसेल तर अर्धा चमचा मोहरीपूड फेसून घातलीत तरी चालेल. वासाबीतला हिरव्या पानासारखा गोडसर वास तेवढा मिळणार नाही.

फळाकडेही नीट बघून घ्या. कूर्ग-वायनाडकडून येणारा मोठा, हिरव्या सालीचा अव्होकाडो, बाजारात ज्याला बटर फ्रूट म्हणतात, तो बरेचदा पाणचट निघतो. खडबडीत सालीचा, पिकला की काळपट पडणारा हास अधिक तेलकट असतो आणि सोया सॉसपुढे टिकून राहतो. देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबा. दबला पण खड्डा राहिला नाही तर झाला तयार.

दोन मध्यम हास काट्याने कुस्करा. मिक्सर नको, गाठी राहिल्याच पाहिजेत. एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर संत्र्याची किसलेली साल घाला. युझू या जपानी लिंबाच्या वासाच्या जवळ ही जोडी बऱ्यापैकी जाते. मग फिकट, नैसर्गिकरीत्या आंबवलेला सोया सॉस एक लहान चमचा आणि दोन मोठे चमचे बारीक चिरलेली कांद्याची पात. भाजलेले तीळ खलबत्त्यात अर्धवट कुटून मोठा चमचाभर. मुरलेली वासाबी सगळ्यात शेवटी, लहान चमचाभर, वरवर फिरवून. कुठे झणका, कुठे नुसतं लोणी असं लागू दे. चव घेतल्याशिवाय मिठाला हात लावू नका. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचे कागदासारखे पापुद्रे, मिळाली तर गॅसवर क्षणभर शेकून चुरा, पण वाढतानाच, नाहीतर चिवट होते. बरोबर तांदळाचे भाजलेले पापड द्या; जपानी सेनबेईही तांदळाचीच असते.

आणखी एक सुचवतो. मेक्सिको सिटीत योशिगेई नाकातानी या जपानी गृहस्थांनी 1945 च्या सुमारास शेंगदाण्यांना पिठाचं, सोया सॉसच्या चवीचं कुरकुरीत कवच चढवलं. तिथले लोक त्यांना ‘काकाउआते हापोनेस’, म्हणजे जपानी शेंगदाणे म्हणतात आणि येताजाता तोंडात टाकतात. जपानमध्ये हा प्रकार जन्मला नाही, मेक्सिकोतच जन्मला आणि मेक्सिकोचाच झाला. असे मसाला-कवचाचे शेंगदाणे भरड कुटून वर भुरभुरलेत तर वाडग्यातलं मऊपण मोडतं.

उरलं तर हवा लागून काळं पडेल. बी आत ठेवल्याने फक्त बीखालचा भाग वाचतो. त्याऐवजी पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद दाबून बसवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. वासाबी दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी घालावी लागेल. घरात शाकाहारी मंडळी असतील आणि आणखी काही जपानी जिन्नस घालून पाहायचे असतील तर बाटल्यांवरची यादी वाचूनच आणा: पोन्झू सॉसमध्ये आणि भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेत बहुधा बोनिटो मासा असतो, आणि काही तयार मिसोमध्येही माशाचा दाशी घातलेला असतो.