पाचवी आज्ञा आणि खिशातला मोबाईल



मिस्साआधी मोबाईल बंद करा, असे आम्ही दर रविवारी सांगतो आणि आपण ऐकताही. पण मिस्सा संपून मोटारसायकल सुरू झाली, की तोच मोबाईल मान वाकडी करून कान आणि खांद्यात धरलेला दिसतो. मागे पत्नी, पुढे टाकीवर लेकरू. म्हणून आज 'खून करू नको' या पाचव्या आज्ञेचा थोडा अभ्यास करू.

"माझा तसा हेतू नव्हता," असे अपघातानंतर चालक म्हणतो, आणि बहुधा ते खरेच असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला होता : हेतू नसताना कुणाचा जीव गेला तर दोष लागतो का? काम चांगले असले, तरी ते करताना हवी ती काळजी घेतली नाही तर दोष सुटत नाही, असे त्यांचे उत्तर आहे. जून 2007 मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिली हीच, 'खून करू नको'.

आता हिशेब पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. कुणाचा फोन आहे हे बघायला तीन सेकंद लागले, तर 50 मीटर आपण डोळे मिटूनच गेलो. उसाच्या हंगामात रात्री भोकर किंवा धर्माबादच्या रस्त्याला मागे दिवा नसलेली ट्रॉली तेवढ्यात पुढे येते. तरुण मंडळी म्हणतात, "फादर, आम्ही इअरफोन लावतो." हात मोकळे झाले, मन कुठे मोकळे झाले? फोनवर बोलणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हँड्सफ्रीनेही तो फारसा कमी होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हातात फोन धरून गाडी चालवणे 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्यानेही धोकादायक वाहन चालवणे ठरते.

फोन करणाऱ्याचे काय? "गाडीवर आहे, बोल," असे ऐकूनही जो बोलत राहतो, तो त्या धोक्यात भागीदार होतो. आईने, बायकोने, मालकाने तिथेच फोन ठेवावा.

रात्री-अपरात्री रुग्णाभ्यंगासाठी आपण फोन केलात आणि आम्ही उचलला नाही, तर आम्ही रस्त्यावर आहोत असे समजा. गाडी कडेला थांबवून आम्हीच फोन करू.