मेकअप पुसला, पण चेहरा धुतला का?

लग्नसराई आली की दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. चेहऱ्याची आग होते, डोळ्यांभोवती लाली येते, पापण्या सुजतात. मागे अशीच एक मुलगी आईबरोबर आली. हळद चार दिवसांवर आलेली. आईचा सारा राग पार्लरच्या मेकअपवर. चौकशी केल्यावर कळले, की महिनाभर केळवणे चालू होती आणि रात्री दमून आल्यावर ही मुलगी ओल्या वाइप्सने चेहरा पुसून तशीच झोपत होती. वाइप्स बंद करून औषध दिले. लाली ओसरली, पण हळदीच्या दिवशी पापण्या थोड्या सुजलेल्याच होत्या.

वाइप्सने काय बिघडते?

वाइप्समध्ये पाण्याबरोबर मळ सोडवणारी साबणासारखी द्रव्ये, सुगंध आणि ओल्या कापडाला बुरशी लागू नये म्हणून परिरक्षके असतात. काहींत अल्कोहोलही असते. भांड्याला साबण लावून ते न विसळता आपण ठेवतो का? चेहऱ्याचे मात्र तसेच होते. ही द्रव्ये रात्रभर त्वचेवर राहतात, तिचा नैसर्गिक स्निग्धपणा कमी करतात व त्वचा कोरडी पडते.

काहींना परिरक्षकांची ॲलर्जी होते. त्यांपैकी मिथाइलआयसोथायझोलिनोन या द्रव्याचा त्रास इतका वाढला, की 2017 पासून युरोपीय संघाने न धुता त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली.

दुसरा तोटा घासण्याचा. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते. वॉटरप्रूफ काजळ निघावे म्हणून आपण ती खसाखसा चोळतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर अशा दाहानंतर काळसर डाग राहतात व ते जायला महिने लागतात.

शिवाय मेकअप पूर्ण निघत नाहीच. बराचसा चेहऱ्यावर पसरतो, केसांच्या कडेला व पापण्यांच्या मुळाशी साचतो. रंध्रे बुजून पुटकुळ्या येतात.

मग काय करावे?

कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास हात धुऊन आधी ती काढावी. कापसावर थोडे तेल किंवा क्लिन्झर घेऊन मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट धरावे, मग हलकेच पुसावे. नंतर सौम्य फेसवॉश व कोमट पाण्याने चेहरा धुवावा, टॉवेलने टिपून घ्यावा आणि मॉइश्चरायझर लावावे. नाटकातील कलाकार रंग उतरवायला खोबरेल वापरत आले आहेत. मात्र मुरुमे येणाऱ्यांनी ते टाळलेले बरे.

प्रवासात पाणी नसेल तर वाइप्स जरूर वापरावेत, पण बिनसुगंधी घ्यावेत आणि पाणी मिळताच चेहरा धुवावा. नवे पाकीट आणल्यास आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूस रोज पुसून पाहावे. खाज आली तर ते चेहऱ्याला लावू नये. वापरलेले वाइप्स संडासात टाकू नयेत. अनेकांत प्लास्टिकचे धागे असतात, त्यामुळे नळ तुंबतात.

आणि एक महत्त्वाचे. लाली आली म्हणून औषधाच्या दुकानातून मनानेच स्टिरॉइडचे मलम आणून लावू नका. त्याने आज बरे वाटते, पुढे त्वचा पातळ होते. दोन-तीन दिवसांत आराम पडला नाही किंवा पापण्या सुजल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

रात्री कितीही उशीर झाला तरी चेहऱ्यासाठी पाच मिनिटे आणि तांब्याभर पाणी राखून ठेवा.