क्रियापद कुठे आहे?

गेल्या वर्षी इंग्रजीच्या निबंधात मी लिहिले होते : 'माय फादर वर्किंग इन द फील्ड.' वही परत आली तेव्हा खाली तांबड्या शाईत प्रश्न होता, 'क्रियापद कुठे आहे?' मला नवल वाटले. 'वर्किंग' हे क्रियापद नव्हे, तर काय?

त्या संध्याकाळी हर्सूलच्या घरी ते वाक्य मराठी करून मोठ्याने वाचले : "माझे वडील शेतात राबताना." वडील अजून परतले नव्हते. भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. "राबताना काय झालं त्यांना?" तिने घाबरून विचारले. आईला अक्षरओळख नाही. पण वाक्य अपुरे आहे, हे तिला तत्क्षणी कळले.

आपल्या व्याकरणात वाक्य पुरे करणाऱ्या शब्दाला क्रियापद म्हणतात. धातूपासूनच झालेला, पण वाक्य अपुरे ठेवणारा शब्द म्हणजे धातुसाधित. 'राबतात' हे क्रियापद, 'राबताना' हे धातुसाधित. इंग्रजीतही तसेच आहे. रोजचा क्रम सांगायचा तर 'माय फादर वर्क्स'. या क्षणी चालू असलेले काम सांगायचे तर 'इज वर्किंग'. त्यातला 'इज' गाळला की वाक्याचा कणाच जातो.

उलट चूकही आपण करतो : 'आय सॉ माय फादर वर्क्स.' येथे 'सॉ' हे क्रियापद आधीच आहे. म्हणून 'आय सॉ माय फादर वर्किंग', म्हणजे 'वडिलांना राबताना पाहिले'.

मात्र एके ठिकाणी मराठी कान फसवतो. "तलावाच्या काठाने चालताना देवीचे देऊळ दिसले" हे मराठीत निर्दोष आहे. चालणारा मी, हे ऐकणारा समजून घेतो. तेच शब्दशः 'वॉकिंग अलाँग द लेक, द टेंपल अपिअर्ड' असे केले, तर देऊळच चालू लागते! कारण इंग्रजीत आरंभीच्या धातुसाधिताचा कर्ता तोच पुढच्या क्रियापदाचा कर्ता मानला जातो. म्हणून पुढे 'आय सॉ द टेंपल' असे लिहावे.

मित्रहो, ज्यांच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही, त्यांनी खचू नये. लिहिलेले वाक्य मराठी करून घरच्या माणसाला ऐकवावे. त्याने "मग पुढे काय?" असे विचारले, तर क्रियापद राहिले असे समजावे.

त्या संध्याकाळी मी वाक्य पुरे केले : "वडील शेतात राबतात." आई म्हणाली, "हां, राबतात." आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.

— बी. ए., द्वितीय वर्ष