फळ नव्हे, झाडच दिले

खानदेशात अमळनेर गाव आहे. साने गुरुजी तिथल्याच शाळेत मास्तर होते. त्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली. मालक होते महंमद हाशम प्रेमजी. त्याच साली मुंबईत त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अझीम.

अझीम अमेरिकेत शिकायला गेला. १९६६ साली निरोप आला, वडील वारले. पोराचे वय अवघे एकवीस. शिक्षण अर्धे टाकून तो परतला. या पोराला काम झेपणार नाही, त्याने आपले भाग विकून मोकळे व्हावे, असे एक भागधारक भरसभेत बोलला. बोल जिव्हारी लागला. पण अझीमजी डगमगले नाहीत. कामाला लागले.

पुढे कंपनी तूप-साबणावरच थांबली नाही. १९८० च्या सुमारास ती संगणक करू लागली. संगणक म्हणजे झटपट हिशेब करणारे यंत्र. पण यंत्राला आपले आपण काही कळत नाही, बरे का! आधी काय करायचे, मग काय करायचे, ते त्याला लिहून द्यावे लागते. त्या लिहिण्याला सॉफ्टवेअर म्हणतात. विप्रो कंपनीने देशोदेशीच्या लोकांना ते करून दिले. पैसा अमाप आला. ज्या अमळनेरकरांनी कंपनीचे भाग जपून ठेवले, त्यांच्या घरीही लक्ष्मी आली.

एवढ्या पैशाचे करायचे काय? इथेच माणसाची पारख होते. प्रेमजींनी २००१ साली एक संस्था काढली. सरकारी शाळांतल्या शिक्षकांना ती मदत करते. २०१० साली बंगळूरला विद्यापीठ काढले. २०१९ पर्यंत त्यांनी या कामाला दिलेल्या धनाची किंमत सुमारे १,४५,००० कोटी रुपये झाली. आकडा सावकाश वाचा: एक लाख पंचेचाळीस हजार कोटी! यात मोठा वाटा कंपनीच्या भागांचा. त्यांचा नफा दरसाल संस्थेला मिळतो. म्हणजे नुसते फळ नव्हे, झाडच दिले. २०२४ साली या संस्थेने कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या अंड्यांसाठी तीन वर्षांचा खर्च उचलला.

आणि ते अर्धे राहिलेले शिक्षण? तेही त्यांनी तीसहून अधिक वर्षांनी पुरे केले. म्हणून आम्ही म्हणतो, तुम्ही पाटी उशिरा हाती घेतली याची लाज नको. आपल्यापाशी कोटी नाहीत. पण आलेले अक्षर शेजाऱ्याला शिकवले, तर ते आपल्याकडचे कमी होत नाही.

सांगा पाहू:
१. अझीमजींनी शिक्षण अर्धे का टाकले?
२. सॉफ्टवेअर म्हणजे काय?
३. फळ देणे आणि झाड देणे यांत फरक काय?