डिस्कचा पीआरएन नंबर
(डेटाबेस सर्व्हरवर डिस्कना कायमचं नाव कसं द्यायचं?)

लिनक्सच्या लॅबमध्ये ‘एफडिस्क’ची कमांड आपण सगळ्यांनीच मारली आहे. स्क्रीनवर एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं येतात, आपण ती जर्नलमध्ये उतरवतो आणि सबमिशन करून मोकळे होतो. पण खरी गोष्ट अशी की ही नावं डिस्कची नसतातच, ती रांगेतल्या जागेची असतात! हॉस्टेलवरच्या पीसीमध्ये एकच डिस्क असते म्हणून काही बिघडत नाही. डेटाबेस सर्व्हरवर मात्र आठ-दहा डिस्क असतात आणि तिथे हा गैरसमज सगळा डेटा घेऊन जाऊ शकतो. बी.ई.च्या प्रोजेक्टला ज्यांनी डेटाबेस घेतला आहे, त्यांनी तर हे नक्की वाचावं.

नावं का बदलतात?

मेसच्या रांगेत आज तुम्ही दुसरे असाल, उद्या पाचवे. मशीन बूट होताना कर्नल कंट्रोलरना विचारतो, ‘तुमच्याकडे कोण कोण आहे?’ जी डिस्क आधी सापडली ती एसडीए, नंतरची एसडीबी. हा शोध बऱ्याचदा एकाच वेळी अनेक कंट्रोलरवर चालतो, त्यामुळे क्रमाची गॅरंटी नाही. नवीन कार्ड लावलं, बूटच्या वेळी पेनड्राइव्ह राहिला किंवा मधली एक डिस्क मेली, की मागची सगळी रांग सरकते. जुन्या आयडीई डिस्कच्या काळात एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरची मास्टर डिस्क, हे ठरलेलं होतं. एसडी मालिकेत तसा काही करार नाही.

डेटाबेसचं काय बिघडतं?

पहिला प्रकार साध्या फाइल सिस्टिमचा, म्हणजे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल. समजा एफएसटॅब फाइलमध्ये आपण लिहिलं की एसडीबी१ ही डेटाच्या डिरेक्टरीवर माउंट कर. रीबूटनंतर एसडीबी झाली बॅकअपची डिस्क. आता डेटाबेस सुरूच झाला नाही तर आपण नशीबवान. बॅकअपमधली जुनी कॉपी त्याच जागी बसून सुरू झाली, तर लोक दिवसभर जुन्या डेटावर नव्या एंट्री करत बसतील आणि कोणालाही एररसुद्धा दिसणार नाही. काही वेळा काहीच माउंट होत नाही. मग डिरेक्टरी रिकामी दिसते आणि एखादी आगाऊ स्क्रिप्ट तिथे नवा कोरा डेटाबेस बनवून ठेवते. म्हणूनच पोस्टग्रेसक्यूएलचं मॅन्युअल सांगतं की माउंट पॉइंटलाच डेटा डिरेक्टरी करू नका, त्याच्या आत वेगळी डिरेक्टरी बनवा.

दुसरा प्रकार ओरॅकलचा. ओरॅकल १०जी पासून एएसएम नावाची सोय आली. त्यात फाइल सिस्टिम न बनवता डिस्क थेट डेटाबेसच्या ताब्यात देतात. एएसएम डिस्कवरचं हेडर वाचून आपली डिस्क ओळखतं, त्यामुळे नाव बदललं म्हणून लगेच डेटा बिघडत नाही. मग अडचण कुठे येते? एक म्हणजे परवानगी. डेव्ह डिरेक्टरीतल्या नोंदी प्रत्येक बूटला नव्याने बनतात आणि मालक असतो रूट. हाताने केलेलं ‘चोन’ रीबूटनंतर गायब, आणि ओरॅकल यूजरला डिस्क उघडता येत नाही. दुसरी अडचण म्हणजे आपण स्वतः! अशा डिस्कवर फाइल सिस्टिम नसते, त्यामुळे ती आपल्याला कोरी दिसते. ‘कालच लावलेली नवी डिस्क हीच’ असं समजून कोणी तिच्यावर फॉरमॅट मारला की संपलं. मशीन डिस्क ओळखतं, माणूस फक्त नाव वाचतो. म्हणून नाव खरं हवं.

चार प्रकारच्या ओळखी

डेव्ह डिरेक्टरीत ‘डिस्क’ नावाची डिरेक्टरी उघडून बघा. आत या चार ओळखी दिसतील.

१) बाय-पाथ : हा रूम नंबर. डिस्क कोणत्या कंट्रोलरच्या कोणत्या पोर्टवर आहे ते कळतं. रूम बदलली की नंबर बदलला.
२) बाय-लेबल : हे टोपणनाव. दोघांचं एकच असू शकतं.
३) बाय-यूयूआयडी : हे ट्रंकेवर रंगवलेलं नाव. ते फाइल सिस्टिमच्या आत लिहिलेलं असतं. पुन्हा फॉरमॅट केलं की बदलतं, आणि ‘डीडी’ने डिस्कची हुबेहूब कॉपी काढली तर दोन ट्रंकांवर एकच नाव!
४) बाय-आयडी : हा पीआरएन. डिस्कचा सीरियल नंबर किंवा डब्ल्यूडब्ल्यूएन. रूम बदलो, रांग बदलो, फॉरमॅट होवो, हा तोच राहतो.

हे सगळं काम यूडेव्ह करतो. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ साली ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यावर पेपर वाचला होता. २०१२ पासून यूडेव्ह सिस्टिमडीचा भाग आहे.

साध्या फाइल सिस्टिमसाठी एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहिला की पुष्कळदा पुरतं. ‘बीएलके-आयडी’ ही कमांड तो दाखवते. एएसएमच्या डिस्कवर फाइल सिस्टिमच नाही, म्हणजे यूयूआयडीही नाही. तिथे पीआरएनच लागतो.

नियम कसा लिहायचा?

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, कीबोर्डवर अर्थातच इंग्रजीत टाइप कराव्यात.)

पायरी १ : ‘स्कझी_आयडी’ या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कचा आयडी काढा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून कागदावर लिहा. व्हीएमवेअरवर उत्तर रिकामं आलं तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये ‘डिस्क.एनेबलयूयूआयडी’ हे ट्रू करावं लागतं.

पायरी २ : ईटीसी डिरेक्टरीतल्या यूडेव्हच्या ‘रूल्स.डी’मध्ये ९९ ने सुरू होणारी आणि ‘.रूल्स’ने संपणारी फाइल बनवा. फाइल नावांच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून ९९, म्हणजे आपली शेवटी.

पायरी ३ : प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ लिहा. ओळीच्या पहिल्या भागात अटी : सबसिस्टिम == ब्लॉक, डेव्हटाइप == डिस्क, आयडी_सीरियल == कागदावरचा नंबर. दुसऱ्या भागात हुकूम : सिमलिंक += ओरॅकलएएसएम/डेटा०१, ओनर = ओरॅकल, ग्रुप = डीबीए, मोड = ०६६०.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला, == म्हणजे तुलना आणि = म्हणजे नेमणूक, अगदी सी लँग्वेजसारखं. आयडी_सीरियलपुढे चुकून एकच = पडलं, तर अट उरतच नाही आणि सगळ्या डिस्क ओरॅकलच्या मालकीच्या होतात. दुसरा, डिस्क आणि तिच्या पार्टिशनचा सीरियल एकच असतो. म्हणून डेव्हटाइपची अट विसरू नका. पार्टिशन दिलं असेल तर तिथे ‘पार्टिशन’ लिहा. तिसरा, जुन्या ट्युटोरियलमध्ये नाव बदलायला ‘नेम’ वापरलेलं दिसतं. आताचा यूडेव्ह डिस्कचं मूळ नाव बदलू देत नाही, सिमलिंकच वापरा.

पायरी ४ : ‘यूडेव्हॲडम टेस्ट’ने नियम लागतो का ते बघा. मग ‘यूडेव्हॲडम कंट्रोल’ने नियम पुन्हा वाचायला लावा आणि ‘यूडेव्हॲडम ट्रिगर’ द्या. चालू सर्व्हरवर हे भर दुपारी करू नये, मेंटेनन्सची वेळ ठरवून करावं.

पायरी ५ : एएसएमच्या डिस्कस्ट्रिंगमध्ये फक्त ओरॅकलएएसएम ही डिरेक्टरी द्या. मग रीबूट करून नावं आणि मालक पुन्हा तपासा. रीबूट केल्याशिवाय काम झालं असं म्हणू नये.

मोठ्या सेटअपमध्ये

आरएसी क्लस्टरमध्ये दोन सर्व्हर एकाच डिस्ककडे बघतात. एकाकडे ती एसडीसी, दुसऱ्याकडे एसडीई असू शकते. पण आयडी दोन्हीकडे सारखा, म्हणून तीच नियमांची फाइल दोन्हीकडे चालते. सॅन स्टोरेजला दोन रस्ते असले तर एकच डिस्क दोनदा दिसते आणि आपला नियम दोघांनाही लागतो. तिथे आधी मल्टिपाथ बसवावं आणि त्यातच आयडीप्रमाणे टोपणनाव द्यावं.

प्रॅक्टिससाठी सर्व्हर लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये चार छोट्या डिस्क लावा, नियम लिहा, मशीन बंद करून डिस्कचे पोर्ट अदलाबदल करा आणि पुन्हा सुरू करा. एसडीबीच्या जागी दुसरीच डिस्क आलेली असेल, पण डेटा०१ मात्र डेटा०१ च असेल. आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘डेटा एसडीबीवर आहे’ असं लिहू नका, आयडी लिहा. पुढच्या वर्षी तो सर्व्हर ज्युनिअर्सच्या हातात जाणार आहे, आणि त्यांना आपली रांग माहीत नसेल.