स्वयंपाकघरातील नासाडी आणि तिची तिहेरी किंमत

फेकून दिलेल्या अन्नाची किंमत तीनदा मोजावी लागते. पहिल्यांदा ते विकत घेताना, दुसऱ्यांदा त्याच्यावर इंधन व श्रम खर्चताना आणि तिसऱ्यांदा कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावताना. कुटुंबाच्या जमाखर्चात यांपैकी पहिली रक्कमच लिहिली जाते. दुसरी गॅसच्या बिलात मिसळून जाते. तिसरी तर दुसऱ्याच कोणाच्या तरी वाट्याला येते. म्हणूनच काटकसरीचा विचार या तिन्ही टप्प्यांवर करणे आवश्यक ठरते.

घरगुती उपभोग खर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशाच्या नागरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता आणि त्यातील सुमारे ४० टक्के वाटा अन्नाचा होता. चार माणसांच्या कुटुंबाचा हिशेब मांडला, तर अन्नावर महिन्याला अंदाजे ११,१०० रुपये आणि वर्षाला १ लाख ३३ हजार रुपये खर्च होतात. त्यातील विसावा हिस्सा वाया जातो असे गृहीत धरले, तरी वर्षाकाठी साडेसहा हजारांहून अधिक रुपये कचऱ्याच्या डब्यात जातात. दिल्लीसारख्या महानगरात खर्च सरासरीहून अधिक असल्याने ही रक्कमही त्या प्रमाणात वाढेल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील घरगुती अन्नकचरा दरडोई वर्षाला ५५ किलो असल्याचे अनुमान आहे. त्यात साली, देठ यांसारखे न खाण्याजोगे भागही समाविष्ट आहेत, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे.

स्वस्ताईचा मोह

दिल्ली परिसरात भाजी बव्हंशी आठवडी बाजारातून किंवा दारावर येणाऱ्या हातगाडीवरून घेतली जाते. हिवाळ्यात फ्लॉवर, मटार, गाजर यांचे भाव उतरले की गृहस्थ दोन्ही हातांत पिशव्या भरून परततात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा भाव विकत घेतलेल्या किलोचा नसून खाल्लेल्या किलोचा असतो. समजा, आठवडी बाजारात ३ किलो टोमॅटो ६० रुपयांना मिळाले आणि त्यांतील १ किलो सडले. खाल्लेला टोमॅटो किलोला ३० रुपयांनी पडला. गल्लीतील हातगाडीवरून २५ रुपये दराने २ किलो घेतले असते, तर १० रुपये वाचले असते आणि कचराही झाला नसता. भाजीबरोबर फुकट मिळणारी कोथिंबीर फ्रिजमध्ये काळी पडते, तीही याच कारणाने. फुकट वस्तूचा हिशेब कोणी ठेवत नाही!

बाजारास जाण्यापूर्वी फ्रिज उघडून पाहणे, जुनी भाजी पुढे व नवी मागे ठेवणे आणि आठवड्यातील एक दिवस केवळ उरल्यासुरल्यावर भागवणे, या सवयींना पैसा लागत नाही. मदर डेअरीच्या बूथवर मिळणारे सुटे टोकनचे दूध पिशवीतील तशाच दुधापेक्षा स्वस्त पडते; किटली घेऊन गेल्यास प्लॅस्टिकची पिशवीही टळते.

इंधनाच्या बाबतीत एक साधे भौतिक तत्त्व उपयोगी पडते. उघड्या भांड्यातील पाणी उकळू लागल्यावर आच कितीही वाढवली, तरी त्याचे तापमान वाढत नाही. केवळ वाफ अधिक होते आणि गॅस जळतो. म्हणून उकळी येताच आच मंद करावी, झाकण ठेवावे, डाळी-कडधान्ये आधी भिजवून कुकरमध्ये शिजवावीत.

काटकसर कोणाच्या श्रमावर?

दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, फोडणीची पोळी, सायीचे तूप ही आपल्या घरांतील काटकसरीची जुनी उदाहरणे. त्यांचे गुणगान करताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देत असल्याचे आढळले. पाच रुपयांच्या साली वाचवण्यासाठी अर्धा तास खर्च होत असेल, तर ती बचत कोणाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझ्या मते मोजून खरेदी करण्याला पहिला क्रम द्यावा, कारण तीत श्रम वाढत नाहीत. चटणी त्यानंतर, आणि ती वाटण्याची पाळी घरातील सर्वांची असावी.

शिळ्या अन्नालाही मर्यादा आहे. शिजवलेले अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावे. दिल्लीच्या मे महिन्यात तर त्याहूनही लवकर. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला फोडणी देणे ही काटकसर नव्हे, कारण औषधाचा खर्च भातापेक्षा नक्कीच जास्त येतो.

गाझीपूरचा डोंगर

तिसरी किंमत पाहायची असेल, तर पूर्व दिल्लीतील गाझीपूरला जावे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या कचराभूमीची क्षमता २००२ मध्येच संपली. तरीही कचरा येतच राहिला. १ सप्टेंबर २०१७ रोजी डोंगराचा एक भाग कोसळून वाहने शेजारच्या कालव्यात ढकलली गेली आणि दोघांचा मृत्यू झाला. ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. तेथे वारंवार लागणाऱ्या आगींचे हे एक मुख्य कारण. धूर मात्र आसपासच्या वस्त्यांना सोसावा लागतो.

ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. दक्षिण दिल्लीतील नवजीवन विहार वसाहतीने ओल्या कचऱ्याचे खत वसाहतीतच करून हे शक्य असल्याचे दाखवले आहे. एकट्या कुटुंबालाही हे जमते. भोके पाडलेल्या जुन्या माठात किंवा बादलीत ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर किमान तेवढाच थर वाळलेल्या पानांचा द्यावा. वसंतातील पानगळीत ही पाने गल्लोगल्ली पडलेली असतात आणि ती उघड्यावर जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मनाई केली आहे. दोन पोती भरून ठेवली, तर बरेच दिवस पुरतात. दुर्गंधी आली तर पाने वाढवावीत आणि ढवळावे. उन्हाळ्यात कोरडे पडले तर पाणी शिंपडावे. पावसाळ्यात वर झाकण हवे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते, आणि गच्चीवरच्या कुंड्यांतील मेथी-कोथिंबिरीला ते पुरेसे असते.