वर्गमेळाव्यात एसाव भेटला तर?

प्रश्न : मी गुरुवार पेठेत राहते, पंचहौद चर्चची सभासद आहे. दहावीच्या वर्गाचा २५ वर्षांनी मेळावा आहे. जिच्या डब्यातल्या सुक्या बोंबलांवरून मी वर्षभर तिला रडवलं, तीही येणार आहे. जाऊ का?

उत्तर : जरूर जा. आदल्या रात्री उत्पत्तीचा ३३वा अध्याय वाचा. याकोबाने भाऊ एसावाचा आशीर्वाद लुबाडला होता. २० वर्षं परमुलखात काढून परतताना त्याची पाचावर धारण बसली होती, कारण भाऊ ४०० माणसं घेऊन येत होता. सात वेळा जमिनीपर्यंत लवत तो पुढे गेला, आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला.

मला त्यापुढचा भाग फार मोलाचा वाटतो. एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. समेट झाला, तरी बिऱ्हाडं वेगळीच राहिली. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. त्यांच्या पतीने, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यावरून झालेल्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण सोवळं लगेच सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. मनाला वेळ लागतो, देव तो देतो.

म्हणून मैत्रिणीला फोटोच्या गर्दीत गाठू नका. ‘तेव्हा आपण लहान होतो’ अशी पळवाटही नको. ‘तुझ्या डब्याला मी नावं ठेवायचे, ते चुकलं’ इतकं नेमकं बोला. ती गप्प राहिली, तर उत्तराचा आग्रह धरू नका. चहा संपेपर्यंत शेजारी बसा.